पहाटे साडेपाचचं नवं मैदान: शार्लटमधल्या पुरुषांच्या व्यायामगटाच्या नोंदी

शनिवार, 1 फेब्रुवारी 2025. जागेची पाहणी

शार्लटच्या दक्षिणेला, दोन कॅरोलायनांच्या सीमेलगतच्या उपनगरात एफ-थ्रीचं नवं मैदान उघडायचं आहे. ज्यांना हा प्रकार नवा असेल त्यांच्यासाठी आधी एवढं: फिटनेस, फेलोशिप आणि फेथ हे ते तीन एफ. डेव्हिड रेडिंग आणि टिम व्हिटमायर यांनी 1 जानेवारी 2011 रोजी शार्लटमध्येच याची सुरुवात केली. नियम पाचच. पैसे घ्यायचे नाहीत. कुठल्याही पुरुषाला मज्जाव नाही. व्यायाम उघड्यावर, मग ऊन असो, पाऊस असो की कडाका. पगारी प्रशिक्षक नसतो. गटातलाच एकेक जण आळीपाळीनं पुढे होतो आणि सांगतो ते स्वतःही करतो. त्या दिवशीच्या म्होरक्याला ‘क्यू’ म्हणतात. आणि शेवट रिंगणात: सगळे गोल उभे राहतात, नावं सांगतात, ज्याच्या मनात असेल तो बोलतो, आणि प्रार्थना होते.

संघटनेची ‘फेथ’ची व्याख्या मोकळी आहे, स्वतःपेक्षा मोठ्या कशावर तरी श्रद्धा एवढीच. पण आमच्या गटात येणारे बहुतेक ख्रिस्ती आहेत आणि शेवटची प्रार्थना बहुधा येशूच्या नावानंच होते.

जागेला कसोटी एकच लावली. रिंगणात माणूस तोंड उघडेल की नाही, हे त्याआधीच्या पंचेचाळीस मिनिटांत ठरतं. जो सगळा वेळ मागे एकटा धापा टाकत राहिला, तो शेवटी येऊन नुसता मान डोलावतो आणि गाडीत बसतो. म्हणून सगळ्यांत पुढचा आणि सगळ्यांत मागचा यांच्यात कधीही हाकेपलीकडचं अंतर पडू नये, अशी जागा हवी.

शाळेचा 400 मीटरचा ट्रॅक या कसोटीला उतरला नाही. धावायला उत्तम, पण दुसऱ्या फेरीपर्यंतच माणसं पूर्ण वर्तुळभर पांगतात. शिवाय फाटक कुलूपबंद. सार्वजनिक उद्यान सूर्योदयाला उघडतं. अंधारात आत शिरणं म्हणजे नियमभंग. उरलं चर्चचं वाहनतळ: लांबट, एका टोकाला हलका चढ, कडेनं हिरवळीचा पट्टा, बसण्याच्या उंचीची, साधारण 18 इंची दगडी भिंत आणि पाऊस आला तर रिंगणापुरता पोर्च. या टोकावरून बोललेलं त्या टोकाला ऐकू येतं. हेच घेतलं.

शनिवार, 8 फेब्रुवारी. परवानगी

चर्चच्या मालमत्ता समितीपुढे जाताना धर्मकार्याची भाषा कमी आणि व्यवहाराची जास्त ठेवावी. त्यांना चार गोष्टी कळायला हव्या असतात: जबाबदार कोण, आवाज किती, घाण कोण काढणार, आणि कुणी पडलं तर काय.

आवाजाचं महत्त्वाचं. शेजारची घरं हिरवळीच्या पट्ट्यापलीकडेच आहेत. म्हणून स्पीकर नाही, गाणी नाहीत. हे बंधन गटाच्याही पथ्यावर पडतं, कारण गाणी वाजली की माणसं बोलत नाहीत आणि क्यूचा आकडा मागे पोचत नाही. सामुदायिक मोजणी पोर्चच्या बाजूला, घरांकडे पाठ करून.

दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. एक, हिरवळीचे फवारे किती वाजता सुरू होतात; बहुतेक ठिकाणी टायमर पहाटेचाच असतो आणि पाठीवर झोपलेल्या माणसांखालून फवारा उसळतो. दोन, तळावरचे दिवे मध्यरात्री बंद होऊन परत कधी लागतात. दोन्ही टायमर व्यायामाच्या दिवसांपुरते, म्हणजे मंगळवार आणि गुरुवारपुरते, बदलून घेतले.

अचानक थांबलेल्या हृदयाला शॉक देणारं एईडी यंत्र चर्चच्या आत भिंतीवर आहे. पहाटे साडेपाचला दार बंद, म्हणजे ते असून नसल्यासारखं. हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि शॉक दोन्ही मिळाले नाहीत तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते. किल्लीवाला शोधण्यात तीच मिनिटं निघून जातात. यंत्र गाडीत ठेवायचा पर्याय सुचतो, पण बहुतेक यंत्रांना 0 ते 50 अंश सेल्सियसच्या बाहेरचं तापमान चालत नाही, आणि जुलैत बंद गाडी त्याच्या वर सहज जाते. म्हणून बाजूच्या दाराचा कोड तीन जणांना मिळाला आणि त्यांतला एक हजर असल्याशिवाय व्यायाम सुरू होणार नाही असं ठरलं. तळाचा पूर्ण पत्ता आणि ‘मागच्या फाटकानं या’ ही सूचना सामानाच्या पेटीच्या झाकणावर ठळक लिहिली. 911 ला, म्हणजे आणीबाणीच्या क्रमांकाला, फोन लावणाऱ्याला घाबरलेल्या वेळी रस्त्याचा क्रमांक आठवत नाही.

शनिवार, 15 फेब्रुवारी. ब्लॉक

गटाच्या बोलीत याला ‘कूपन’ म्हणतात: बांधकामाचा पोकळ सिमेंट ब्लॉक, 8 × 8 × 16 इंच. वजन साधारण 30 ते 36 पौंड, म्हणजे 14 ते 16 किलो. दुकानात एकाच थप्पीतले ब्लॉकही सारख्या वजनाचे नसतात. कशात कोणती खडी वापरली त्यावर ठरतं. एकेक उचलून पाहावा आणि हलके वेगळे काढावेत. त्याशिवाय 4 इंच जाडीचे काही पोकळ ब्लॉक घेतले, ते बरेच हलके असतात. खांदा दुखावलेला किंवा पहिल्यांदाच आलेला माणूस ते घेतो. त्यांना निराळा रंग देऊ नये. रंग दिला की ‘कच्च्या लिंबूंचे ब्लॉक’ अशी ओळख होते आणि ज्याला गरज आहे तोच ते उचलत नाही.

ब्लॉकचं तोंड काचकागदासारखं असतं. सकाळच्या दवात हात ओले झाले की कातडी लवकर सोलते. बाहेरच्या भिंतीला लावायचा लॅटेक्स रंग दोन हात दिला तर रेती धरून राहते, कडा कमी झिजतात आणि ब्लॉक पाणी कमी पितो. कोरा ब्लॉक रात्रभर पावसात राहिला तर सकाळी जाणवण्याइतका जड लागतो. पकडायच्या दोन कडा जुन्या पॉलिश-कागदानं आधी घासून घ्याव्यात. हातमोजे हवेतच, बागकामाचे, तळव्याला रबर असलेले पुरतात.

ब्लॉक डांबरावर आपटायचा नाही. कोपरा उडाला की तिथे धारदार कड राहते आणि पुढच्या माणसाच्या पोटरीला लागते. कोपरा उडालेला ब्लॉक वापरातून बाद करून दाराला टेकण म्हणून द्यावा.

साठवण. कॅरोलायनात ब्लॅक विडो हे विषारी कोळी असल्याच पोकळ, कोरड्या, अंधाऱ्या जागा शोधतात. ब्लॉक आडवे रचले की प्रत्येक पोकळी त्यांचं घर होते. उभे, पोकळ्या आकाशाकडे, लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवायचे. उचलण्यापूर्वी टॉर्च मारायचा, आणि उघडा हात आत घालायचा नाही. हे प्रत्येक नव्या क्यूला तोंडी सांगायचं, नुसतं लिहून ठेवून भागत नाही.

शनिवार, 22 फेब्रुवारी. उजेड आणि झेंडा

कपाळावरचे दिवे धावताना उपयोगी, समोरासमोर उभं राहिल्यावर त्रासदायक. प्रत्येक जण ज्याच्याकडे बघेल त्याचे डोळे दिपवतो, म्हणून माणसं बघणंच टाळतात, खाली बघून बोलतात. रिंगणात कपाळदिवे बंद आणि मधोमध जमिनीवर एक कंदील, असा नियम केला. फरक लगेच दिसतो. रस्त्यावर जायचं झालं तर पुढच्या आणि मागच्या माणसाला परावर्तक जाकीट सक्तीचं.

मैदान कुठे आहे हे दाखवायला फावड्याच्या दांड्याला झेंडा लावून रोवायची पद्धत आहे. डांबरात फावडं रोवता येत नाही. पाच गॅलनची बादली घेतली, मध्यभागी 2 इंची पीव्हीसी नळी उभी केली (दांडा साधारण दीड इंचाचा असतो, नळीत मोकळा बसतो), आणि भोवती तयार काँक्रीटची 50 पौंडांची एक पिशवी ओतली. एका पिशवीत बादली अर्ध्याहून थोडी जास्त भरते. तेवढं वजन वाऱ्याला पुरतं आणि एका माणसाला उचलवतं. नळीला खालच्या टोकाला छिद्र ठेवून ते बादलीच्या बुडाशी जुळवावं; नाहीतर पाणी साचतं, जानेवारीत गोठतं आणि नळी फुटते. काँक्रीट घट्ट होईपर्यंत नळी ओळंब्यात धरायला दोन फळकुटं बांधावीत.

मंगळवार, 4 मार्च. पहिला दिवस

वेळ 5:30 ते 6:15. क्यूनं आराखडा कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवावा. फोनचा पडदा घामट बोटांनी उघडत नाही.

सुरुवातीला चार वाक्यं चुकवायची नाहीत: मी व्यावसायिक प्रशिक्षक नाही, तुम्ही स्वखुशीनं आला आहात, झेपेल तेवढंच करा, जमत नसेल तिथे बदल करा. मग कुणाला काही दुखणं आहे का, सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं) कुणाला येतं, फोन कुणाकडे आहे. आणि मोजणी. सुरुवातीला जितकी डोकी तितकीच शेवटी भरली पाहिजेत. अंधारात हे सोपं नसतं.

ताल. क्यू म्हणतो, ‘सुरुवातीची स्थिती, चला’, मग ‘एक-दोन-तीन’ आणि चौथ्या ठोक्याला बाकी सगळे मिळून कितवा फेरा झाला तो आकडा म्हणतात. चार ठोक्यांचा एक फेरा. नव्या क्यूची घाई इथे होते: उड्या मारताना श्वास वाढतो तसा ताल वाढतो, आणि दहाव्या फेऱ्याला गट दोन तुकड्यांत फुटतो. उड्यांना वेगवान, जोरांना संथ, असा ताल ठरवून घ्यावा आणि शेवटच्या फेऱ्याला आवाज चढवावा, म्हणजे सगळे एकदम थांबतात. एकत्र थांबण्यातच निम्मी मजा आहे.

मुख्य भाग दोन प्रकारांत केला, आणि दोहोंतला फरक नोंदवण्यासारखा आहे.

‘इलेव्हन्स’: चढाच्या खाली 10 जोर, वर धावत जाऊन 1 उडी-बैठक, परत खाली 9, वर 2, बेरीज नेहमी 11. दहा फेऱ्यांत प्रत्येकाच्या दोन्हींच्या 55 होतात. कागदावर सुबक, पण प्रत्येक जण आपापल्या गतीनं करतो, त्यामुळे चपळ माणूस संपवून उभा असतो तेव्हा नवखा पाचव्या फेरीत असतो. मग पुढच्यांनी परत जाऊन त्याच्यासोबत धावायचं, ही रीत आहे; शेवटच्या माणसाला ‘सिक्स’ म्हणतात, म्हणजे पाठीमागची बाजू, आणि त्याला ‘उचलून आणतात’. भावना उत्तम, पण दर वेळी तोच माणूस उचलला जात असेल तर त्याला आपण ओझं आहोत असं वाटू लागतं. इलेव्हन्सला फेऱ्यांचं नाही, मिनिटांचं बंधन घालावं: 12 मिनिटं झाली की जिथे असाल तिथे थांबा.

‘डोरा’: दोघांची जोडी, दोघांत मिळून 100 जोर, 200 पोटाचे, 300 बैठका. एक करतो, दुसरा ठरलेल्या खांबाला शिवून येतो, मग अदलाबदल. आकडा जोडीचा असतो, त्यामुळे कुणी किती केले हे बाहेरच्याला दिसत नाही. पळणारा सावकाश असेल तर करणाऱ्याचे जास्त होतात, बस्स. अनोळखी माणसं जोडीत घालायला याहून चांगला प्रकार नाही. खांब मात्र जवळचा, 40 मीटरच्या आतला हवा. लांब ठेवला तर जोडीदार एकमेकांना भेटतात ते फक्त टाळी देण्यापुरते.

मंगळवार, 11 मार्च

रविवारी घड्याळं तासभर पुढे गेली. आता सूर्योदय साडेसातनंतर, म्हणजे पूर्ण काळोख. उपस्थिती या आठवड्यात हमखास पडते. ज्यांना गाडीतून आणायचं त्यांना सोमवारी रात्रीच निरोप द्यायचा, ‘येणार का?’ न विचारता ‘5:10 ला दाराशी उभा आहे’ असं कळवायचं.

गुरुवार, 27 मार्च. परागकण आणि जोर

पाइनचे पिवळे परागकण सुरू झाले. तळावर पिवळा थर, ओल्या पायाखाली निसरडा. दम्याचा इन्हेलर कुणाच्या खिशात आहे ते सुरुवातीच्या प्रश्नांत घातलं. पाऊस पडून गेल्यावर हवा बरी असते. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी धावणं कमी, ब्लॉक जास्त.

गटात मराठी मंडळी आहेत, तर आज आखाड्यातले जोर घेतले: नितंब वर, छाती जमिनीलगत घासत पुढे, मान वर, परत मागे. अमेरिकी पद्धतीच्या सरळ जोरांवर पोसलेल्या खांद्यांना हे अवघड जातं. हात खांद्यांच्या रुंदीचेच ठेवावेत, डांबरावर न करता गवतावर करावेत (मनगटं वाचतात), आणि पहिल्यांदा दहाच्या पुढे जाऊ नये. कमरेचं दुखणं असलेल्यांनी छाती वर काढण्याचा भाग सोडावा. ताल अगदी संथ. सगळ्यांना भारी आवडले, दर महिन्याला एकदा ठेवायचे.

गुरुवार, 17 एप्रिल. पवित्र गुरुवार, आणि तिसऱ्या एफबद्दल

ईस्टर रविवारी आहे. आजचा व्यायाम आणि नंतरचा शास्त्रपाठ एकाच सूत्रात बांधला: गलतीकरांस पत्र, अध्याय 6. त्यात दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा असं आहे आणि पाचव्यात प्रत्येकानं आपला भार आपणच वाहावा असं. वाचणाऱ्याला वाटतं, यातलं खरं कोणतं?

आधी प्रत्येकानं आपापला ब्लॉक छातीशी धरून तळाची लांबी ओलांडायची. मग दोघांत तीन ब्लॉक. तिसरा कसा न्यायचा हे सांगायचं नाही. कुणी दोन ब्लॉकांच्या मधे आडवा ठेवतं, तो घसरतो. कुणी एकानं दोन घेऊन थोड्या अंतरावर बदलायचे ठरवतं. सगळ्यांत टिकाऊ रीत अशी निघाली: दोघांनी आपापला ब्लॉक बाहेरच्या हातात लोंबता धरायचा आणि तिसरा मधे, दोन्ही बाजूंनी पोकळीत हातमोज्यांसह बोटं अडकवून. त्यासाठी पावलं जुळवावीच लागतात. उंच माणसाला पाऊल आखडतं घ्यावं लागतं. त्यानंतर कंदिलाभोवती बसून वचनं वाचली तेव्हा कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. स्वतःचा ब्लॉक कुणीच खाली ठेवला नव्हता, आणि तिसराही पोचला होता.

शास्त्रपाठाचे नियम: व्यायाम संपल्यावर, ऐच्छिक, 25 मिनिटं, कॉफीसोबत. निघून जाणाऱ्याला ‘थांब ना’ म्हणायचं नाही. वाचायचा भाग दहा-बारा वचनांहून मोठा नको. प्रश्न एकच. आळीपाळीनं चालवायचं, पाळकांनीही आपली पाळी आल्यावरच.

गटातल्या हिंदू मराठी मित्रांनी बसावं का, हा प्रश्न मधे निघाला. उत्तर सरळ आहे: बसावं, बोलावं, आणि प्रार्थनेच्या वेळी शांत उभं राहायचं असेल तर शांत उभं राहावं. प्रार्थना करणाऱ्यानं आधी सांगावं की मी माझ्या श्रद्धेप्रमाणे करतो आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेला हे परकं नाही. नारायण वामन टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ मांडला तो बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणूनच.

आणि एक पक्की रेघ. व्यायामानंतर क्यू गटासाठी वृत्तांत लिहितो: कोण आलं, काय केलं, पुढचे कार्यक्रम. रिंगणात कुणी नोकरी गेल्याचं, घर मोडत असल्याचं, दारू सुटत नसल्याचं बोललं तर ते वृत्तांतात येणार नाही. ‘एका मित्रासाठी प्रार्थना करा’ असंसुद्धा नाही, कारण चार वाक्यांवरून माणूस ओळखता येतो. रिंगणातलं बोलणं बाहेर फुटलं की पुन्हा कुणी बोलत नाही, आणि मग उरतो तो नुसता फुकटचा व्यायामवर्ग.

सोमवार, 26 मे. मर्फ

मेमोरियल डेला, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, अमेरिकाभर हा ‘मर्फ’ नावाचा व्यायाम होतो. नेव्ही सील या अमेरिकी नौदलाच्या विशेष दलाचे लेफ्टनंट मायकेल मर्फी 28 जून 2005 रोजी अफगाणिस्तानात मारले गेले, त्यांच्या स्मरणार्थ. 1 मैल धाव, 100 पुल-अप, 200 जोर, 300 बैठका, परत 1 मैल; ज्याला हवं त्यानं 20 पौंडांचं जाकीट घालून.

हा प्रकार नवख्या माणसाला दवाखान्यात पोचवू शकतो, म्हणून सविस्तर लिहितो. सवय नसताना एकदम शेकडो आवर्तनं केली की स्नायूंचे तंतू फुटतात आणि त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तातून मूत्रपिंडात जाऊन ते बंद पाडू शकतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. पुल-अपमध्ये शरीर खाली सोडताना स्नायू ताणाखाली लांबतो, म्हणून तिथे धोका जास्त. लक्षणं पुढच्या एक ते तीन दिवसांत दिसतात: नेहमीच्या आखडण्यापलीकडचं दुखणं, सुजून कडक झालेला दंड, कोपर सरळ न होणं, आणि कोलासारखी गडद लघवी. लघवीचा रंग तसा दिसला की पाणी पीत घरी बसायचं नाही, तडक इमर्जन्सीत जायचं. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असणाऱ्यांनी असं काही करण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

व्यवस्था अशी केली. गेल्या सहा आठवड्यांत नियमित नसलेल्या प्रत्येकाला अर्धा किंवा पाव मर्फ. हे क्यूनं सर्वांसमोर जाहीर करायचं आणि स्वतःच्या तोंडानं ‘अर्धा हा पूर्णच धरला जाईल’ असं म्हणायचं. मधला भाग 20 फेऱ्यांत: 5 पुल-अप, 10 जोर, 15 बैठका. सलग शंभराच्या नादी कुणी लागायचं नाही. तळावर दांडी नाही. मुलांच्या खेळण्याच्या जागेतली वापरली, ती दवानं ओली असते, पुसायला जुना टॉवेल लागतो. ज्यांना लटकता येत नाही त्यांनी कमरेत वाकून ब्लॉक पोटाकडे ओढायचा. शेवटचा मैल जोडीनं. तिथेच पांगापांग होते, आणि तिथेच ती व्हायला नको.

मंगळवार, 24 जून. उकाडा

पहाटे थंड असतं हा गैरसमज. तापमान त्या वेळी सर्वांत कमी असतं, पण हवेतली आर्द्रता सर्वांत जास्त, बहुतेक वेळा 90 टक्क्यांवर. घाम येतो आणि वाळतच नाही; शरीर थंड होण्याचा रस्ता बंद होतो. कोकणातून आलेल्यांना हे सांगावं लागत नाही, पुण्याच्या कोरड्या सकाळींची सवय असलेल्यांना सांगावं लागतं.

बदल: दर 15 मिनिटांनी पाण्यासाठी सक्तीचा थांबा, प्रत्येकी पेलाभर. पाणी मैदानाच्या मधोमध, गाडीत नाही; गाडीपर्यंत कुणी जात नाही. एका कूलरमध्ये बर्फाचं पाणी आणि सहा टॉवेल, प्यायला नव्हे, आणीबाणीसाठी.

माणूस चुकीचा आकडा म्हणू लागला, अडखळू लागला, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देऊ लागला, की तो उष्माघात समजायचा. घाम चालू आहे म्हणून बरा आहे असं धरू नये. श्रमानं होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असतो. आधी थंड करायचं, मग हलवायचं: सावली-पोर्च, शर्ट काढा, बर्फाचे ओले टॉवेल मान, काखा, जांघा, जमेल तितकं अंगावर, ते सतत बदलत राहा, आणि एकानं 911. इथेही मूळ सूत्र कामाला येतं. शेजारचा माणूस आकडा मोठ्यानं म्हणत असेल तरच तो चुकला हे कळतं. पन्नास मीटर मागे एकटा पडलेल्याचं कळत नाही.

मंगळवार, 12 ऑगस्ट

कॉपरहेड हे विषारी साप उन्हाळ्याच्या रात्री उबदार डांबराकडे येतात. हिरवळीच्या कडेला पालापाचोळ्यात पाय टाकण्याआधी उजेड टाका. फायर अँटची (चावऱ्या लाल मुंग्यांची) वारुळं पावसानंतर एका रात्रीत उभी राहतात; जोरांची जागा निवडण्याआधी क्यूनं गवतावर चक्कर मारायची.

पावसाला सुट्टी नाही, विजेला आहे. गडगडाट ऐकू आला की सगळे आत किंवा गाड्यांत. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं. तेवढ्यात वेळ संपते, मग पोर्चऐवजी आत चर्चच्या सभागृहात फक्त रिंगण.

मंगळवार, 30 सप्टेंबर. नवे क्यू

मैदान दोघातिघांच्या खांद्यावर राहिलं की ते त्यांच्या बदलीबरोबर मरतं. म्हणून एकच माणूस लागोपाठ दोनदा क्यू होणार नाही. पहिल्यांदा क्यू होणाऱ्याला तयारीसाठी तीन आठवडे आधी तारीख द्यायची.

नवा क्यू हमखास जास्त भरतो: बारा प्रकार, चार ठिकाणं. त्याच्या कागदावरचं अर्धं खोडायचं. 45 मिनिटांत गरमावणं 7, मुख्य दोन प्रकार मिळून 25, पोटाचं 4, पाणी आणि चालणं 4, रिंगणाकडे यायला राखीव 5. आणि रिंगणातली प्रार्थना त्यालाच करायची असते, याची धास्ती जोरांपेक्षा मोठी. तीन वाक्यं पुरतात हे सांगायचं: आभार, आज कुणाचं नाव निघालं त्याच्यासाठी मागणं, आमेन. मराठीत केली तरी चालते. परवा एकानं केली. ज्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही त्यांनीही शेवटी आमेन म्हटलं.

मंगळवार, 18 नोव्हेंबर. फाटा

घड्याळं मागे आली आहेत. सकाळी दव गोठतंय. तळावरच्या पांढऱ्या रंगाच्या पट्ट्या डांबरापेक्षा निसरड्या असतात, वळणं त्यांच्यावर घेऊ नयेत. सुती कपडे ओले झाले की थंडी हाडात शिरते, लोकर किंवा कृत्रिम धागा बरा. रिंगणात घाम गार पडतो, म्हणून जाकीट कंदिलापाशी आणून ठेवायचं.

गट पंचविशीच्या वर गेला आहे. आनंदाची गोष्ट, आणि अडचणीचीही. रिंगणाचा व्यास इतका होतो की हळू बोलणाऱ्याचं पलीकडे ऐकू येत नाही. हळू बोलणारेच बहुधा काही महत्त्वाचं सांगत असतात. नावं सांगण्यातच तीन मिनिटं जातात, नव्या माणसाला टोपणनाव देण्यात आणखी तीन, आणि प्रार्थनेची विनंती घाईत उरकते. दोन रिंगणं करून पाहण्यासारखं वाटतं, पण मग माणसं ओळखीच्यांकडेच वळतात. रीत अशी आहे की गट वाढला की फोडावा आणि नव्या जागी रोपण करावं.

नवी जागा पाच मैलांवर, दुसऱ्या चर्चचा तळ, सोमवार आणि बुधवार. तिकडे जाणाऱ्यांत चार अनुभवी क्यू हवेत, फक्त उत्साही नकोत. आणि त्या चारांपैकी एक तरी असा हवा की जो धावण्यात शेवटचा असतो. त्याला मैदानाची लांबी बरोबर कळते.

सोबत जाईल: 12 मोठे ब्लॉक, 4 लहान, एक पॅलेट, एक कंदील, झेंड्याची नवी बादली (50 पौंडांची पिशवी शनिवारी आणायची, नळी शिल्लक आहे). एईडीचा प्रश्न तिथे अजून सुटलेला नाही. दाराचा कोड मिळेपर्यंत पहिली तारीख जाहीर करायची नाही.